धाकट्या खोलीत न पोचलेले निरोप

१

गोट्या वाचला, हे आधीच सांगून टाकते. लेकराचं काय झालं ते शेवटपर्यंत ताटकळत ठेवणारी गोष्ट मला स्वतःला वाचवत नाही.

मंगळवारी दुपारी आमच्या पाळणाघराच्या धाकट्या खोलीत कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक वाटला गेला. केकमध्ये अंडं होतं. गोट्याला अंड्याची अॅलर्जी आहे, आणि ती त्याच्या घरच्यांनाही नुकतीच कळली होती. बघता बघता त्याचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. धाकट्या खोलीच्या मावशींनी त्याला उचललं आणि अनवाणी धावत कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून निभावलं.

पण गोट्याच्या आईने अंड्याचं आधीच कळवलं होतं. पाळणाघराच्या वेबसाइटवर पालकांसाठी निरोपाचा फॉर्म आहे. मुलाचं नाव घालायचं, खोली निवडायची, काय सांगायचं ते लिहायचं. तो निरोप त्या खोलीच्या बाईंना मेलने जातो. गोट्याच्या आईने तो भरला होता, आणि ‘आपला निरोप मिळाला’ असं उत्तर, खाली तिच्याच मजकुराची प्रत, हे सगळं तिच्या फोनवर आलेलं होतं. तिने ते पालकांच्या ग्रुपवर टाकलं.

मावशींचं म्हणणं एवढंच, की असा निरोप मला आलाच नाही.

दोघींपैकी एक खोटं बोलते, असं सगळ्यांनी धरलं. कोण, तेही धरलं. गुरुवारी संध्याकाळी पालकांची सभा ठरली, आणि मावशींना काढल्याचं मॅडम तिथे जाहीर करणार, हे सभेआधीच सगळ्यांना ठाऊक झालं.

माझी ठमी धाकट्या खोलीत असते. सव्वा वर्षाची आहे, आणि माझ्या आणि मावशींच्या सोडून कुणाच्याही कडेवर गप्प बसत नाही, सख्ख्या आजीच्यासुद्धा नाही. मावशी खोटं बोलत असतील, तर ठमीला तिथे क्षणभरही ठेवायला नको. खरं बोलत असतील, तर ज्या एका बाईकडे माझं पोर शांत राहतं तिलाच आम्ही हाकलतोय. बुधवारभर हे दोन्ही विचार मी आलटून पालटून चघळले. नवरा म्हणाला, तू काळजी करायचा पगार घेतेस का. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, कारण तोवर तिसरा विचार येऊन बसला होता.

दोघीही खरं बोलत असतील तर? मग तो निरोप गेला कुठे? आणि उद्या मी लिहीन तो कुठे जाईल?

२

ठमी व्हायच्या आधी मी वेबसाइट सांभाळणाऱ्या एका कंपनीत तक्रारी ऐकायच्या टेबलावर होते. ‘साइट चालत नाही’ म्हणून ओरडणाऱ्या माणसाकडून नेमकं काय चालत नाही ते काढून घेणं, हे माझं काम. म्हणून गुरुवारी सकाळी ठमीला सोडलं आणि घरी न जाता मॅडमच्या खोलीत शिरले.

मॅडम कडक आहेत, पण आकसाने वागणाऱ्या नाहीत. त्यांनी मला बसवलं आणि आपण काय काय तपासलं ते सांगितलं. पहिलं म्हणजे त्यांनी स्वतः फॉर्म भरून पाहिला. निरोप लगेच थोरल्या, म्हणजे मोठ्या मुलांच्या, खोलीतल्या ताईला पोचला. दुसरं, स्वतःच्या फोनवरून मावशींच्या पत्त्यावर साधी मेल पाठवली. तीही धाकट्या खोलीतल्या टॅबवर टिंग करून आली. तिसरं, मावशी त्या टॅबवरच्या मेल अंगठ्याने भराभर पुसतात, हे ताईने डोळ्यांनी पाहिलेलं.

“फॉर्म चालतो, मेलची पेटी चालते,” मॅडम म्हणाल्या. “मग मध्ये उरतं ते माणूसच ना?”

भांडायला म्हणून गेले होते मी. पण त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, साइटमध्ये एवढ्यात काही बदल केलेत का. बदल काही नाही, त्या म्हणाल्या. जुन्या कंपनीचा सर्व्हर फार रखडायचा, म्हणून भाऊजींनी मागच्या आठवड्यात साइट नव्या सर्व्हरवर हलवली. साइट दिसायला अगदी तीच, रंगसुद्धा तेच.

भाऊजी म्हणजे मॅडमचे दीर. मॅडम भाऊजी म्हणतात म्हणून आम्ही सगळे पालकही त्यांना भाऊजीच म्हणतो. आणि सर्व्हर म्हणजे कुठल्यातरी कंपनीत रात्रंदिवस चालू असलेला संगणक. साइट त्याच्यावर राहते. घर बदलावं तशी ती हलवता येते. पण टेबलावरच्या त्या वर्षांत एक गोष्ट माझ्या अंगात मुरली होती. साइट हलवल्यावर दिसायला तशीच राहते, आणि म्हणूनच आत काय मोडलंय ते कुणी बघत नाही.

बाहेर आले आणि गोट्याच्या आईला फोन लावला. निरोप भरताना तिने खोली कुठली निवडली होती, एवढंच मला हवं होतं. धाकटीच, ती म्हणाली. प्रतीत तसं आहे, डोळे उघडून वाच. मग थोडं थांबून म्हणाली:

“तुझ्या ठमीचे ओठ असे सुजले असते, तर तू मला फोन करून खोली कुठली निवडलीस हे विचारलं असतंस?”

तिने फोन ठेवला.

३

धाकट्या खोलीत दुपारची निजानीज चालली होती. मावशी एका पोराला थोपटत होत्या आणि दुसऱ्या हाताने आपलं सामान पिशवीत भरत होत्या. घरातल्या चपला, चष्म्याचं घर, पोरांना दाखवायची कापडी कोंबडी. कोंबडी पिशवीत गेली आणि पुन्हा बाहेर आली. ती पाळणाघराची की त्यांची, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

मी टॅब मागितला. त्यांनी काही न विचारता दिला.

मेल पुसता का, या प्रश्नावर त्या जराही चपापल्या नाहीत. हो, पुसते. जाहिराती येतात नुसत्या. “टकलावर केस उगवायचं तेल घ्या म्हणून मला रोज कोण सांगतंय, देव जाणे,” त्या कुजबुजल्या. “माझा अंबाडा बघितला असता तर लाजला असता मेला.”

पुसलेल्या मेल काही काळ एका वेगळ्या कप्प्यात राहतात. तो मी उघडला. तेल, गाद्या, स्वस्त सहली. खाली खाली गेले, मागच्या महिन्यापर्यंत. पालकांचा एकही निरोप त्यांनी पुसलेला नव्हता.

मग न पुसलेल्या मेल पाहिल्या. साइट हलवायच्या आदल्या दिवसापर्यंत पालकांचे निरोप ओळीने दिसत होते. त्यानंतर मॅडमची ती चाचणीची मेल आणि जाहिराती. निरोप एकही नाही. गोट्याच्या आईचाच नव्हे, कुणाचाच नाही. माझाही नाही. ठमीला पुरळ उठलंय, डब्यातलं मलम लावा, असं मी मागच्या शुक्रवारी लिहिलं होतं. मलम लावलं गेलं नाही म्हणून मनातल्या मनात मावशींवर धुसफुसत होते, तोंडाने मात्र चकार शब्द काढला नव्हता.

इतके दिवस एकही निरोप नाही, याचं नवल नाही वाटलं, असं विचारलं. मावशींनी थोपटणारा हात थांबवला.

“मला वाटलं, सगळी पोरं ठणठणीत आहेत,” त्या म्हणाल्या. “बरंच वाटलं गं.”

मला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा होता. पण विश्वास ठेवायचा असला की माणूस आंधळं होतं, हेही कळत होतं. पुसलेल्यांचा कप्पासुद्धा पुसता येतो, असं मॅडम म्हणाल्याच असत्या. टॅब मांडीवर ठेवून मी फोनवर पाळणाघराची साइट उघडली. फॉर्म. मुलाचं नाव, ठमी. खोली, धाकटी. निरोप, ‘चाचणी’. पाठवला.

माझ्या फोनवर लगेच आलं, आपला निरोप मिळाला.

मांडीवरचा टॅब गप्प होता.

४

पाच मिनिटं म्हणावीत इतकी वाट पाहिली. टॅबचं इंटरनेट तपासलं, ठीक. माझ्या मेलवरून सरळ मावशींच्या पत्त्यावर दोन शब्द लिहिले. टॅब ताबडतोब वाजला, आणि एक बाळ कूस बदलून पुन्हा झोपलं.

म्हणजे मावशी टॅबला हातही लावत नसताना, माझ्या डोळ्यांदेखत, फॉर्मचा निरोप हरवत होता. पुसायला आधी तो यायला तर हवा. मावशी खरं बोलत होत्या, हे मला आता माहीत होतं. पण ‘मला माहीत आहे’ हे सभेत सांगून भागणार नव्हतं. फॉर्म थोरल्या खोलीत बरोबर पोचतो, हे मॅडमनी पाहिलं होतं. तोच फॉर्म, तोच सर्व्हर. एका खोलीत पोचतो आणि दुसरीत नाही, असं म्हटलं तर हसतील.

पुन्हा फॉर्म भरला. या वेळी खोली, थोरली. भरताना लक्षात आलं, खोल्यांच्या यादीत थोरली पहिली आहे. काही न निवडता फॉर्म पाठवला तर तो तिकडेच जातो. मॅडमनी भरून पाहिला तो असा. धाकट्या खोलीसाठी फॉर्म कुणी तपासलाच नव्हता.

पाठवला, आणि मधल्या काचेतून थोरल्या खोलीकडे पाहत राहिले. तिथला टॅब भिंतीवरच्या फळीवर चार्जिंगला लावलेला होता. टिंग ऐकू आलं. मी टॅबकडे पाहत होते. पडदा काळाच राहिला.

ताईने खिशातून स्वतःचा फोन काढून पाहिला.

५

ताई माझ्याच वयाची. एरवी आम्ही एकमेकींच्या केसांवरून, नवऱ्यांवरून थट्टा करतो. पण निरोप तुझ्या फोनवर कसा येतो असं विचारल्यावर तिने आधी दार लोटून घेतलं.

थोरल्या खोलीलाही पाळणाघराच्या नावाचा पत्ता आहे, मावशींना आहे तसाच. पण ताई त्याचा पासवर्ड सारखा विसरायची, आणि प्रत्येक वेळी मॅडमचं बोलणं खायची. शेवटी साइट हलवताना तिने भाऊजींना गळ घातली, की माझे निरोप माझ्या घरच्या मेलवर वळवून द्या. भाऊजींनी दिले. मुलांची माहिती पाळणाघराच्या पत्त्यांबाहेर जाता कामा नये, असा मॅडमचा नियम. म्हणून दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली.

मी विचारलं, मावशींवर एवढं बालंट आल्यावरही?

“मी खोटं एक अक्षर बोलले नाही,” ताई म्हणाली. “पुसताना पाहिलं, ते पाहिलं.”

ती खोटं बोलली नव्हतीच. तिच्या गप्प राहण्याने मात्र मॅडमचा सगळा हिशोब फसला होता. दोन्ही खोल्यांना निरोप एकाच तऱ्हेने जातात असं धरून मॅडम बोलत होत्या. ते तसं नव्हतं. एक निरोप बाहेरच्या पत्त्यावर जात होता आणि पोचत होता. दुसरा पाळणाघराच्याच नावाच्या पत्त्यावर जात होता आणि नाहीसा होत होता. त्याच पत्त्यावर बाहेरून पाठवलेली मेल मात्र बिनबोभाट येत होती.

बाहेरून घरात येतं. घरातून बाहेर जातं. घरातल्या घरातच काहीतरी अडत होतं.

टेबलावरच्या दिवसांत असं एकदा पाहिलं होतं का मी? पाहिलं होतं, असं वाटत होतं. नक्की आठवेना, आणि पाळणाघराच्या ऑफिसातून सभेसाठी खुर्च्या ओढल्याचे आवाज यायला लागले होते.

६

खुर्च्या भाऊजी मांडत होते. मोठा प्रेमळ माणूस. फुकटात साइट सांभाळतात, वर नळही दुरुस्त करून देतात. साइट हलवताना काही मागे तर राहिलं नाही ना, असं मी विचारलं. ते दुखावले.

“वहिनी, भिंतीतला खिळासुद्धा उपटून आणलाय मी,” ते म्हणाले. “मागे कसलं राहतंय.”

आणि मेल?

मेल होय, ती जुन्याच कंपनीकडे ठेवली, ते म्हणाले. ती हलवली असती तर प्रत्येकाच्या फोनमध्ये नव्याने सगळं घालत बसावं लागलं असतं, आणि ताईचा पासवर्ड कोण शोधणार. म्हणून फक्त साइट नव्या जागी, मेल जुन्या जागी. त्यात चूक काहीच नाही, पुष्कळ लोक तसंच करतात.

मी दुसरा प्रश्न विचारला. सगळंच उपटून आणलंत म्हणता, तर मेलच्या पेट्याही आल्या असतील का नव्या सर्व्हरवर?

भाऊजींनी हातातली खुर्ची खाली ठेवली. त्या येतातच बरोबर, ते सावकाश म्हणाले. पण त्या रिकाम्याच. कोण बघतंय त्यांत.

कोण बघतंय त्यांत, हेच तर सगळं होतं. मला आता आठवलं, आणि जीभ विचारांच्या पुढे पळायला लागली. मी त्यांना सांगितलं, असं समजा, की ऑफिसने जागा बदलली, पण टपाल मात्र जुन्याच जागी येतं. माणसं तिथे जाऊन घेऊन येतात. नव्या जागेतल्या कारकुनाला हे कुणी सांगितलेलं नाही. त्याच्या भिंतीवर सगळ्यांच्या नावाचे कप्पे आहेत. नव्या जागेतूनच कुणी मावशींना चिठ्ठी लिहिली, तर तो ती टपालात कशाला टाकेल? नाव आपल्याच ऑफिसचं, कप्पा समोर. टाकली कप्प्यात. आपलं काम झालं म्हणून वर लिहिणाऱ्यालाही कळवतो, मिळाली. मावशी मात्र रोज जुन्या जागी जाऊन बघतात. ताईची चिठ्ठी बाहेरच्या पत्त्याची, ती मुकाट्याने टपालात पडते.

फॉर्म राहतो नव्या सर्व्हरवर. निरोप तोच लिहितो.

 लॅपटॉप उघडून भाऊजींनी नव्या सर्व्हरचं पान लावलं, मेलच्या पेट्यांवर गेले, ‘धाकटी खोली’वर बोट ठेवलं. दाबायला धजेनात. मी दाबलं.

सगळे तिथे होते. न वाचलेले, ठळक अक्षरांत, एकाखाली एक. कुणाला रात्रभर खोकला होता. कुणाच्या कानात थेंब घालायचे होते. माझं पुरळ होतं. आणि त्यांच्यामध्ये गोट्याच्या आईचा निरोप होता, तिच्या प्रतीत होता तसाच. ‘गोट्याला अंडं अजिबात देऊ नये. केक, बिस्किटं विचारून द्यावीत. कृपया.’

ते ‘कृपया’ वाचून भाऊजी खुर्चीत बसले.

नव्या सर्व्हरला ‘या नावाची मेल तुझ्याकडे नाही, बाहेर पाठव’ असं सांगायची एक खूण असते. ती त्यांनी केली. मी पुन्हा फॉर्म भरला, खोली धाकटी. या वेळी भिंतीपलीकडून टिंग आलं, आणि पाठोपाठ एक पोर जागं होऊन रडायला लागल्याचा आवाज.

७

सभेत मी फार बोलले नाही. मला लोकांसमोर बोलता येत नाही. भाऊजींनी पडद्यावर फॉर्म आणि ती पेटी दाखवली आणि आपण काय विसरलो ते सांगितलं. ताई कुणी न विचारता उठली, आणि आपला पत्ता कसा बदलून घेतला ते मान खाली घालून बोलली. मॅडम सगळ्यात शेवटी उभ्या राहिल्या. मी एकाच खोलीचा फॉर्म तपासला, त्या म्हणाल्या, आणि दोष दुसऱ्या खोलीच्या माणसाला दिला. मावशींना काढण्याचा विषय संपला आहे.

मावशी सभेत नव्हत्या. आम्ही सगळे तिथे बसलो होतो, मग आमची पोरं त्यांच्याकडेच होती. मॅडम आत जाऊन त्यांना राहायची विनंती करून आल्या, आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, की त्या सकाळी सांगणार आहेत.

गोट्याची आई पहिल्या ओळीत होती. पडद्यावर तिचा निरोप आला तेव्हा तिने तो पूर्ण वाचला, पर्स उचलली आणि निघून गेली. तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. मावशींचंही नाही. पण एका लेकराचा श्वास कोंडला होता, आणि आता तिला रागवायला समोर कुणी उरलं नव्हतं. मी तिच्या जागी असते, तर गोट्याला पुन्हा तिथे आणलं असतं का, हे मी स्वतःला विचारलं. 

शुक्रवारी सकाळी मी ठमीला घेऊन गेले तेव्हा धाकट्या खोलीचं दार उघडं होतं आणि उंबऱ्यात मावशी उभ्या होत्या. राहायचं ठरवलं होतं त्यांनी, पण एका अटीवर. फॉर्म हवा तर भरा, पण पोर हातात देताना त्याचं काय ते मला तोंडाने सांगायचं, रोज. मॅडम म्हणाल्या होत्या, रांग लागेल. मावशी म्हणाल्या होत्या, लागू दे.

रांग लागलीच होती. माझ्यापुढे एकच जण होतं. गोट्याची आई, आणि तिच्या खांद्यावरून मागे बघणारा गोट्या. त्याच्या ओठांवर आता काहीच दिसत नव्हतं.

ती दारापाशी पोचली, पण त्याला पुढे करेना. गोट्यानेच हात पसरले. मावशींनी ते पाहिले आणि आपले हात मागेच ठेवले.

“आधी सांग,” त्या म्हणाल्या. “काय द्यायचं नाही?”

गोट्याच्या आईने सांगितलं. अंडं. केक. बिस्किटं विचारून. मावशींनी एकेक म्हणून दाखवलं. तरीही तिने त्याला पुढे केलं नाही. मावशींनी घाई केली नाही. थोड्या वेळाने तिने सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, या वेळी हळू. मावशींनीही सगळं पुन्हा म्हणून दाखवलं, एकही शब्द न गाळता, आणि मग हात पुढे केले.

तिने त्याला दिलं.

माझ्यामागे कुणीतरी घड्याळ बघत होतं. ठमीला या कडेवरून त्या कडेवर घेऊन मी एक पाऊल पुढे सरकले, आणि काय काय सांगायचं ते मनात जुळवायला लागले.